पालथ्या तुकड्यांची भिंत

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. माझ्याकडे कामाला असलेल्या परबला डॉक्टरांनी विचारलं होतं, "काम काय करता?" आणि त्याने तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं, "सुपरवायझर आहे माझ्याकडे." एवढंच. तेवढ्या शब्दांनी काय होऊ शकतं याची मला तेव्हा कल्पना नव्हती, असं लिहिणार होतो. पण कल्पना होती.

हे आज लिहितोय, कारण गेल्या महिन्यात तो हिरवा रंग पुन्हा पाहिला. अंधेरीला, वर्सोव्याच्या बाजूला, सातव्या मजल्यावरच्या एका घरात दुपारी चारनंतर ऊन तिरपं होऊन आत येतं आणि दिवाणखान्यातल्या एका भिंतीवर थांबतं. ती भिंत मोरोक्कोतल्या फेज शहरातून आलेल्या झेलीजची आहे. म्हणजे झिलईच्या मातीच्या फरश्या हातोडीने फोडून केलेल्या बारीक तुकड्यांची. तारे, पाकळ्या, पतंगाच्या आकाराचे काप. एकही हिरवा दुसऱ्यासारखा नाही. कुठे शेवाळाची ओल, कुठे कच्च्या आंब्याची साल, कुठे भरतीच्या पाण्याखालचा गढूळ काळोख. ऊन त्यावरून सरकतं तेव्हा भिंत हलकेच श्वास घेतल्यासारखी वाटते. शतकानुशतकं माणसं या कामावर का भुलत आली, ते त्या उन्हात मला दरवेळी कळतं: प्रत्येक तुकड्यात कुणाच्या तरी मनगटाचा किंचित चुकलेला, म्हणूनच जिवंत राहिलेला एक ठोका आहे.

मुलुंडला माझा घरसजावटीच्या ठेक्यांचा धंदा. बारा वर्षांपूर्वी ही भिंत आली तेव्हा पेटीतले तीन फलक वाटेतच फुटलेले होते. मालकिणीला सांगायची छाती होईना. महादेव परब माझ्याकडे फरशी बसवायचा. कणकवलीकडचा, बाप गिरणीत होता, स्वतः घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर राहायचा. त्याने फुटलेला फलक पालथा केला, पाठीवरच्या चुन्यातून बोट फिरवलं, आणि मग माझ्या फोनवर फेजच्या कारागिरांचा एक व्हिडिओ दहादा पाहिला. त्यात एक म्हातारा तुकडे जमिनीवर रंग खाली करून मांडत होता. नक्षी त्याला दिसतच नव्हती. सगळ्या पाठी मातकट, एकसारख्या. रंग फक्त त्याच्या डोक्यात. वरून गिलावा ओतायचा, सुकू द्यायचा, आणि फलक उभा केल्यावरच कळायचं, नक्षी साधली की चुकली.

"अरे साहेबा, माका तर जल्मभर सगळा उलटाच दिसला," परब हसला. "ह्यात नवीन ता काय?"

अकरा दिवस तो मांडी घालून बसला होता. छिन्नीला धार लावून, हातोडीने टकटक करत, इथल्याच बाजारातल्या झिलईच्या फरश्यांतून एकेक तुकडा फोडत. फलक उभे केले तेव्हा तीन तारे सोडले तर सगळं जुळलेलं होतं. ते तीन त्याने पुन्हा फोडले. मालकीणबाई आल्या, भिंतीवर हात फिरवून म्हणाल्या, "दे आर जीनियस, त्या फेजच्या लोकांना तोड नाही." परब मागे बादली धूत उभा होता. मी म्हटलं, "नाहीच."

ती भिंत बघून अंधेरी-बोरीवलीत निदान वीस घरांना तसंच हवं झालं. हातोडीने एवढं काम उरकणार नव्हतं, म्हणून मी ग्राइंडर आणला. मशीनने सरळ कापायचं आणि मग हाताचं वाटावं म्हणून त्याच मशीनने कड मुद्दाम कुरतडायची. ही युक्ती माझी. पाणी मारत कापलं असतं तर धूळ बसली असती, पण खालच्या घरात ओल उतरते, लाकडी जमिनी खराब होतात, म्हणून कोरडंच. सोसायट्यांचे सेक्रेटरी धुळीवरून फोन करायचे, म्हणून खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी. तीही मी माझ्या हातांनी लावली. परब तोंडाला ओला पंचा बांधून आत बसायचा आणि जेवायच्या सुट्टीत बाहेर यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानांवरची लव, सगळं पांढरं. "दाढी-मिशीचा खर्च वाचलो," म्हणायचा, "नाटकात म्हातारो करूक माकाच बोलवा."

सहाव्या वर्षी त्याला टेकडीच्या पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागायला लागलं. मी त्याला दवाखान्यात नेलं. हे माझं मोठेपण मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग होते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला. माझ्याकडची दोन घरांची कामं अर्धी पडली होती. शिवाय धूळ असा शब्द एकदा कागदावर चढला की तो माझ्या दारापर्यंत येईल, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. म्हणून मी बोललो. डॉक्टरांनी धुळीचं काही न विचारता क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या.

परबने माझ्याकडे पाहिलं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की त्या नजरेत राग होता. नव्हता. तो खूश झाला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "खराच केलंस रे माका सुपरवायझर?" मी हो म्हटलं. घरी जाऊन त्याने बायकोला, इंदूवहिनींना, तेच सांगितलं. गोळ्या घेत घेत तो आणखी आठ महिने ग्राइंडरवर बसला. नवा सुपरवायझर, त्याच बंद खिडक्यांमागे. मग तेही जमेना. शेवटी शेवटी तो उशीला पाठ टेकून बसल्या बसल्याच झोपायचा.

तो गेला त्या दिवशी इंदूवहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, किती सांगितलं, विडी सोड. नाय ऐकलं. मला टाकून गेला." दिवसाला दोन विड्या ओढायचा परब. मी मान डोलावली. तेव्हापासून ती बाई मेलेल्या नवऱ्यावर रागावून राहिली आहे; त्याच्या फोटोला हार घालतानाही पुटपुटत घालते. आल्यागेल्याला मात्र सांगते, आमचे हे सुपरवायझर होते.

गेल्या महिन्यात अंधेरीचं ते घर विकलं गेलं. नव्या मालकाने मला बोलावून घेतलं, भिंत ठेवायची होती. "ओरिजिनल मोरोक्कन ना?" त्याने विचारलं. ऊन भिंतीवर होतं. परबने दोनदा फोडलेले तीन तारे मला जागच्या जागी दिसत होते, फेजच्या ताऱ्यांइतकेच थोडे वाकडे, थोडे ओले.

"हो," मी म्हणालो.

असल्फाची टेकडी माझ्या घरापासून लांब नाही. इंदूवहिनींच्या दारात बसून मला त्यांना सांगायचं आहे की परब विडीने गेला नाही. तो मी बंद केलेल्या खिडक्यांमागे, मी आणलेल्या मशीनच्या धुळीने गेला, आणि तो सुपरवायझर नव्हता, कारागीर होता. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.