पाटीवरचा खोडलेला शब्द

दवनीवाड्याच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तेव्हाचा माझा एक विद्यार्थी सैन्यात गेला आणि सीमेवर मारला गेला. त्या आठवड्यात टीव्हीवर लोक तावातावाने भांडत होते, याला युद्ध म्हणायचं की नाही. खालच्या पट्टीवर कधी 'झटापट' सरकायचं, कधी 'कारवाई'.

गावाने शाळेजवळ त्याचं स्मारक बांधायचं ठरवलं. पाटीचा मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'देशासाठी युद्धात वीरमरण.' परवानगीसाठी गेलेला कागद आठ दिवसांनी परत आला. 'युद्ध' या शब्दाभोवती लाल गोल होता. उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांचा फोनही आला. "मॅडम, युद्ध घोषित कहाँ हुआ? 'कारवाईदरम्यान' लिहा. नाहीतर परवानगी अडकेल."

मुलाचे वडील भाताच्या रोवणीतून तसेच आले, पोटरीपर्यंत चिखल. मी त्यांना साहेबांचं म्हणणं सांगितलं. ते उभेच राहिले.

"लढाईच नव्हती म्हणते, तं माहा पोरगा मेला कायले, मॅडम?"

मी लाल गोलाचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"मराठी तुमी शिकवता. तुमीच सांगा ना."

मी भांडायला हवं होतं. निदान एक पत्र तरी लिहायचं. पण मंडप ठरला होता, पाहुणे ठरले होते, आणि माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. मी शब्द खोडला.

कार्यक्रम संपून गर्दी पांगल्यावर त्याची आई पाटीपाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत तिने विचारलं, "काय लिवलं जी?"

मी वाचलं, "देशासाठी युद्धात वीरमरण."

तिने पदर डोळ्यांना लावला. वडील मागेच होते. ते सातवी शिकलेले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बायकोला म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

तेव्हापासून ते मला ओळख देत नाहीत. आई मात्र बाजारात भेटेल त्याला सांगते, "माहा पोरगा युद्धात गेला. मॅडमनं सोता वाचून दाखवलं." ऐकणाऱ्यांना वाचता येतं. ते गप्प राहतात. एखाद्या दिवशी कोणीतरी गप्प राहणार नाही. त्याआधी मीच जाऊन तिला सांगावं, असं ठरवून तीन पावसाळे झाले. अजून गेले नाही.