ताईचा उतार

संशोधन केंद्रात त्याला सगळे पावशा म्हणत. कामच तसं, पाऊस पाडायचं. छताला तोट्या टांगलेल्या, खाली मातीनं भरलेले पत्र्याचे ट्रे उतरते धरलेले. पंप सुरू केला की तोट्यांतून सरी पडत, आणि ट्रेच्या तोंडाशी लावलेल्या बाटलीत गढूळ पाणी साचे. बाटलीत माती जास्त, तर तो उतार वाहून जाणारा.

थोरल्या बहिणीनं घरामागच्या उतारावरचं गवत काढून पेरायचं मनात घेतलं, तेव्हा दाजी म्हणाले, "धाकट्याला विचार. फुकटचा पाऊस पाडतो, घरच्यांच्या तरी कामी येऊ दे."

पावशानं त्या उताराची माती पोत्यात भरून आणली. मातीच्या तज्ज्ञ बाईंना गळ घातली, ट्रे भरला, पाऊस पाडला. बाटलीत पाणी आलं ते जवळपास नितळ. गडी सायकल हाणत थेट ताईच्या दारात. "काढ गवत बिनघोर. माती हलायची नाही!"

पाणी शुद्ध करायचं यंत्र तेव्हा बंद पडलेलं होतं. टाकी त्यानं विहिरीच्या पाण्यानं भरली होती. पाणी ते पाणी, माती काय चव बघणार आहे?

यंत्र दुरुस्त झालं तसं बाईंनी ते बंद असताना लावलेले सगळे ट्रे पुन्हा लावायला सांगितले. "विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यांनी माती धरून राहते. आभाळाच्या पाण्यात ते नसतात. मीही तेव्हा विचारायला हवं होतं."

ताईच्या उरलेल्या मातीवर शुद्ध पाणी पडलं. आधी वरचा थर चोपून गुळगुळीत झाला, मग बाटलीत खळीसारखा दाट गाळ उतरला. पावशाच्या तोंडचं पाणी पळालं. पंप तसाच सोडून तो निघाला.

उतार उघडाबोडका पडला होता. कोंब नुकते वर आलेले. ताईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"गवत परत लाव म्हणतोस? ती काय टोपी आहे, काढली नि घातली?"

"पेंढा तरी पसरू."

"पेंढा गुरांनी खाल्ला."

"आता त्यांनाच विचार, परत देतात का," दाजी म्हणाले. पण हसलं कुणीच नाही. आभाळ खाली आलं होतं.

घरातली पोती, फाटक्या गोधड्या, मोडकं दार, हाताला लागेल ते तिघांनी उतारावर टाकलं. एवढ्या उताराला ते म्हणजे हत्तीला लंगोट. सर आली. माती वरून चकाकायला लागली.

"बघ, जिरतंय की," ताई म्हणाली.

पावशानं असाच चकाकता थर ट्रेत पाहिला होता. पाणी जिरत नव्हतं. बघता बघता ते तांबडं होऊन धावलं, आधी कोंब गेले, मग कोंबांखालची माती, मागोमाग गोधड्या. मोरीजवळ येऊन सगळा गाळ थांबला.

सर ओसरल्यावर ताईनं टोपलं घेतलं, हातांनी गाळ भरला नि चढाला लागली.

"ताई, राहू दे. पुढच्या सरीला परत येईल."

"मग काय करू? तू सांग ना. मागं सांगितलंस तसं सांग."

ती घसरत वर गेली, टोपलं उपडं केलं, पुन्हा खाली आली. आभाळ परत गुरगुरलं. पावशानं दुसरं टोपलं शोधलं नि गाळात बसकण मारून भरायला घेतलं.