मी मेलो तेव्हाची रंगूबाई

रंगूबाईला रडताना पाहिलेला माणूस आमच्या विट्यात सापडणार नाही. नवरा गेल्यावर तेरावं उरकलं आणि तिने पिठाची गिरणी पुन्हा सुरू केली, तेव्हा अख्ख्या भावकीने नाकं मुरडली. बाई दगडाच्या काळजाची आहे म्हणायचं आणि दळण मात्र तिच्याकडेच टाकायचं, ही आमची रीत. अशा बाईला रडक्या विधवेचं काम द्यायचं शहाणपण आमच्या शिवतेजलाच सुचू शकतं.

शिवतेज माझा पुतण्या, पुण्यात सिनेमा शिकून आलेला. त्याच्या शॉर्टफिल्मची गोष्ट अशी: म्हातारा मेलाय, मुलगा कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात अडकलाय, म्हणून मयत व्हिडिओ कॉलवर. मग मोबाईलसमोर दिसावं म्हणून सगळे नातेवाईक एकमेकांना ढकलत रडतात. म्हातारा मी. नाकात कापूस घालून अंगणात पडायचं, एवढंच काम. तरी ऐन आक्रोशात मला शिंक आली आणि सगळ्यांनी माझाच उद्धार केला.

पुढचा प्रसंग विधवेच्या बांगड्या फोडायचा. फोडायच्या तर आधी हातात हव्यात, म्हणून बांगडीवाली अख्तरबी पेटी घेऊन आली. रंगूबाईचे हात कितीतरी वर्षं रिकामे होते. अख्तरबीने पंजा हळूहळू दाबत हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या. रंगूबाई दोन्ही हात उन्हात धरून बघत राहिली.

मला झाकलं, कॅमेरा सुरू झाला. रंगूबाईची थोरली जाऊ सिनेमातही जाऊच होती. तिने दगड उचलला आणि रंगूबाईचं मनगट धरलं.

"सोडा," रंगूबाईने हात हिसडला.

"काकू, फक्त हात पुढं करा," शिवतेज म्हणाला.

"मालक गेलं तवा केला हुता की पुढं! ह्या बायका माजा हात धरून काचा फोडत बसल्या, आन् तिकडं तिरडी उचलली. त्यांचं तोंडबी बघू दिलं न्हाई मला. लोक म्हंत्यात, रंगी रडली न्हाई. आवं, कुणाकडं बघून रडू?"

शिवतेज 'कट' म्हणायचं विसरला. रंगूबाई माझ्या उशाशी येऊन बसली. माझ्या तोंडावरचं कापड तिने बाजूला केलं आणि पोटभर पाहून घेतलं. मग गळा काढून रडली. मोबाईलसमोर धक्काबुक्की करणारे सगळे मागे सरले. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते सिनेमात तसंच आहे. ज्याला खटकेल त्याने माझ्याशी भांडायला यावं, मी घरीच असतो.

सामान आवरायला लागल्यावर जाऊबाई जवळ आल्या. "रडून झालं न्हवं? काड आता त्या बांगड्या. अशीच गावातनं गेलीस तर लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

अख्तरबी पेटी बंद करत होती. रंगूबाईने पदराने तोंड पुसलं, तिच्यासमोर मांडी घातली आणि उजवा हात पुढे केला.

"ह्यात दोन कमी वाटत्यात गं. भर."