पोरगा ठणठणीत हाय

आईला नाही, नवऱ्याला नाही, विहारात डोळे मिटून बसले तेव्हा स्वतःलाही धड नाही — हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही उद्या माझ्या घरी जेवायला येणार नाही. अशी भित्री आहे मी. ते आधीच कळलेलं बरं.

बालाघाटच्या एका नर्सिंग शाळेत मी शिकवते. नव्या मुलींना सुरुवातीलाच हा धडा असतो — आरोग्य म्हणजे काय, आजारपण म्हणजे काय. मी फळ्यावर आडवी रेघ ओढते. एका टोकाला उत्तम आरोग्य, दुसऱ्या टोकाला मृत्यू, आणि आपण सगळे मध्ये कुठेतरी, रोज थोडे इकडे-तिकडे. मग सांगते, रोग वेगळा आणि आजारपण वेगळं. रोग तपासणीत सापडतो, आजारपण माणूस भोगतो. तपासणीत काही न सापडताही माणूस आजारी असू शकतो, आणि रक्तात काहीतरी असूनही ठणठणीत. मुली हे हिंदीत उतरवून घेतात. मी छान शिकवते म्हणे. ‘ठणठणीत’ म्हणताना मी फळ्याकडे वळते, ते का हे त्यांना कसं कळणार?

सानू माझ्या धाकट्या भावाची, प्रशांतची, मुलगी. तिला सिकलसेल आहे. आमच्याकडे नुसतं ‘सिकल’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून. थंडी वाढली, पाणी कमी प्यायली, शाळेत जरा जास्त धावली, की तिची हाडं दुखायला लागतात. दुखणं हा शब्दसुद्धा अपुरा आहे. ती रडत नाही — दात खाऊन भिंतीकडे तोंड करते. मी पाणी पाजते, गुडघे शेकते, डॉक्टरांना फोन करते, ते म्हणतील तशी सलाइन लावते. आणि मग? मग बसून राहते. इतकं शिकले, इतक्या जणींना शिकवलं, आणि हातात काय — गरम पाण्याची पिशवी. “आत्या, कवा थांबन?” ती विचारते. मी पिशवीतलं पाणी बदलायला उठते.

पण हे सांगायला मी बसले नव्हते. हे सोपं आहे, यात मी चांगली दिसते.

प्रशांतच्या लग्नाआधीची गोष्ट. मुलींना सिकलची पहिली, साधी तपासणी करून दाखवायची होती, म्हणून मी शाळेतल्या प्रयोगशाळेत द्रावण ठीक आहे का ते बघत होते. प्रशांत मला मोटारसायकलवर घ्यायला आला होता. मी थट्टेत म्हणाले, दे बोट. त्यानं दिलं. लहानपणापासून मी जे मागितलं ते त्यानं दिलंय. रक्ताचा थेंब पडल्यावरही नळीतलं द्रावण नितळ राहायला हवं होतं — ते गढूळ झालं, म्हणजे रक्तात सिकल होतं. त्यानं आयुष्यात कधी अंथरूण धरलं नव्हतं, म्हणजे त्याला आजार नव्हता, तो वाहक असणार. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण बायकोही वाहक निघाली, तर लेकराच्या वाट्याला आजार येऊ शकतो. हेही मीच शिकवते. रक्त पुढच्या पक्क्या तपासणीला पाठवायला हवं होतं. “काय निघालं, ताई?” त्यानं विचारलं. काही नाही म्हणाले, आणि नळी धुऊन टाकली.

का केलं? ओळखीतल्या एका मुलीचं जमलेलं लग्न ‘सिकल’ याच शब्दावरून मोडलं होतं, आणि पुढे तिच्या बहिणीकडेही कुणी फिरकलं नव्हतं. प्रशांतला लांजीकडचं चांगलं स्थळ आलं होतं. आई कितीतरी दिवसांनी हसत होती. सगळं खरं आहे — आणि तरी पुरत नाही.

आमच्याकडे घरात कुणी नर्स असली की तिचा शब्द हीच तपासणी. साक्षगंधाच्या दिवशी सुजाताच्या वडिलांनी, होणाऱ्या वहिनीच्या वडिलांनी, मला बाजूला बोलावलं. शेतकरी माणूस, पण विचारी. “बाई, तुमी नर्स आहा, म्हून तुमालेच इचारतो. सिकल-बिकल तं नाही ना? म्हनत असान तं दोघायचंबी रक्त पाहून घेऊ.”

दोघांचंही! मी फक्त हौ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “काही गरज नाही, काकाजी. पोरगा ठणठणीत हाय.”

माझ्या धड्याप्रमाणे ते खोटंही नव्हतं. त्या क्षणी मला तो धडा आठवला होता, मी त्याच्या आड लपले होते — याहून हलकट काय असतं?

सानूचा आजार कळला तेव्हा दोघांचं रक्त तपासलं. दोघंही वाहक. सुजाता माझ्या गळ्यात पडून रडली. “कोनालेच मालूम नोतं ना, ताई? मंग कोनाले दोष देऊ?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला आणखी एक मूल हवं होतं. आता ती त्याचं नाव काढत नाही.

परवा काकाजी प्रशांतकडे आले होते. आमच्या मावशीच्या मुलाला मुली बघणं चालू आहे, म्हणून मावशीही आली होती. हल्ली काकाजी लग्नाचं घर दिसलं की हेच सांगतात. “रक्त तपासल्याबिगर हौ म्हनू नोका. आमच्यात तं नर्स होती घरात, तिलेबी नाही समजलं. बाईचा काई दोष नाही त्याच्यात.” आणि माझ्याकडे बघून मायेनं मान हलवली.

प्रशांत तिथेच होता. सुजाता दारात उभी होती. आतल्या खोलीत सानू झोपली होती. मी तोंड उघडलं — आणि काकाजींना विचारलं, अजून थोडा चहा घेता का.