काकू बंदरावर थांबल्या

कुणी घाईघाईनं काही सांगायला लागलं की काकू उजवा तळहात समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "आधी बसा." उभ्या माणसाचं म्हणणं त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत.

डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये त्या आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या आणि गावातल्या लायब्ररीत काम करायच्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मराठी घरं तेव्हा थोडी, त्यामुळे सगळ्यांच्याच त्या काकू. टेक्सासमधल्या आमच्या पहिल्याच वसंतात टॉर्नेडोचा भोंगा वाजला आणि आम्ही नवराबायको घाबरून खाली धावलो. काकूंनी आम्हाला बाथरूममध्ये नेलं, कोरड्या टबात बसवलं, डोक्यावर गादी ओढली आणि त्या गादीखालून चिवड्याचा डबा पुढे केला. म्हणाल्या, "वादळ जाईपर्यंत दुसरं करायचं काय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी आपली धडधड कमी होते.

एका डिसेंबरात काका-काकू आणि आम्ही दोघं मायामीहून क्रूझवर निघालो. दोन दिवस मजेत गेले. मग एका सकाळी ब्रेकफास्टच्या टेबलावरच काका पोट धरून वाकले. जहाजाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अपेंडिक्स आहे, ऑपरेशन लगेच करायला हवं, आणि जहाजावर तशी सोय नाही. दुपारी जहाज एका बेटाला लागणार होतं. तिथे उतरायचं की मायामी गाठेपर्यंत औषधांवर काढायचं? परक्या ठिकाणी उतरण्यापेक्षा परत गेलेलं बरं, असं माझं मत. काकूंनी डॉक्टरांना खुर्चीत बसवलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. थांबलो तर काय होऊ शकतं, आणि बेटावर चांगला सर्जन आहे का. उत्तरं ऐकून त्या बॅग भरायला गेल्या.

माझी बायको सामान घेऊन जहाजावर राहिली. आम्ही तिघं उतरलो आणि बंदरावर अडकलो. आमचे पासपोर्ट भारतीय. दिवसभर फिरायला उतरणं वेगळं आणि मुक्काम करणं वेगळं, असं इमिग्रेशनचा अधिकारी सांगत होता. वरिष्ठांची परवानगी हवी होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता. स्ट्रेचरवर काका घामानं निथळत होते.

काकूंनी तिन्ही पासपोर्ट टेबलावर ठेवले. शांत, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "माझा नवरा हॉस्पिटलात जाईल. हा त्याच्याबरोबर जाईल. मी इथे बसते. परवानगी आल्याशिवाय उठणार नाही."

अधिकाऱ्यानं अँब्युलन्सवाल्याला हात केला.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "सही मागतील, ती तू कर. माझ्यासाठी थांबू नका."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी काकांनी माझा हात धरला. "ही कुठाय?"

"बाहेरच आहेत," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी तो अधिकारीच काकूंना आपल्या गाडीतून घेऊन आला. जहाजानं निघताना भोंगा दिला तेव्हा ऑफिसातले सगळे खिडकीशी गेले, पण या बाई फोन लागला का एवढंच विचारत होत्या, असं त्यानं मला सांगितलं. तोवर ऑपरेशन नीट पार पडलं होतं. काका झोपेत होते. काकूंनी त्यांच्या तळपायांना हात लावून पाहिला, चादर ओढली आणि बाहेर बाकावर येऊन बसल्या. मी चहा आणून दिला. कप बशीवर इतका वाजायला लागला की त्यांनी तो खाली ठेवला.

"आता तूच बोल काहीतरी," त्या म्हणाल्या. "काहीही बोल."

मी बोलत राहिलो. ऑफिसमधलं, गाडीच्या बॅटरीचं, कोथिंबीर मिळत नाही याचं. हात थांबेपर्यंत त्या ऐकत होत्या.

आठवडाभरानं आम्ही विमानानं डॅलसला परतलो. काका ठणठणीत बरे झाले. गेल्या वर्षी काकू गेल्या. भेटायला आलेल्यांना काका सांगत होते, "त्या ऑपरेशनच्या वेळी ही दाराबाहेर उभी होती. म्हणून मी निर्धास्त आत गेलो." इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना खरं काय ते सांगितलंच नव्हतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बंदरावरच्या ऑफिसात मांडीवर पर्स धरून, लाटांकडे पाठ करून, टेबलावरच्या फोनकडे बघत बसलेल्या काकू होत्या.