एस्मेर्लिनचा खालचा ओठ

एस्मेर्लिन पिमेंतेलचं गुपित मी फोडलं, आणि तेही रेडिओवर. आमच्या गावच्या रेडिओवर मयताच्या बातम्या आणि गॅसची जाहिरात यांच्या मधे खेळाच्या गप्पा असतात. त्या गप्पा मी मारतो. त्या दुपारी बोलायला काही उरलं नव्हतं, जाहिरातवाला अजून आला नव्हता, तेव्हा वेळ भरून काढायला मी म्हणालो, "एस्मेर्लिनला मी लहानपणापासून ओळखतो. डॉमिनोत थाप मारायची असली की याचा खालचा ओठ दाताखाली जातो. परवा टीव्हीवर बघितलं, संथ चेंडू टाकायच्या आधीही तस्सं. माणूस बदलला नाही हो."

मला कौतुकच करायचं होतं. बेसबॉलचा एवढा मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला तरी आपलाच आहे, अशा चालीवर. माझा कार्यक्रम कोणी ऐकत नाही ही माझी जुनी तक्रार होती. ती त्याच आठवड्यात मिटली.

तोवर एस्मेर्लिन मोठा पिचर होऊन पाच आठवडे झाले होते. त्याआधीची त्याची मोठेपणाची इयत्ता सांगायची तर सोळाव्या वर्षी एका अमेरिकन संघाच्या अकादमीने त्याला उचललं. त्या पैशात दोन्या एर्मिनियाने, म्हणजे त्याच्या आईने, सिमेंटचं घर बांधलं आणि पुढेमागे वरचा मजला चढेल म्हणून छतावर लोखंडी सळया सोडून ठेवल्या. विसाव्या वर्षी अकादमीने त्याला एक बॅग आणि दोन टोप्या देऊन घरी पाठवलं. सळयांवर ती अजून कपडे वाळत घालते.

मग सकाळी मिठागरात फावडं आणि दुपारी मोटरसायकलवर सवाऱ्या, गाव ते बानी शहर, बानी ते गाव. मागे बसणाऱ्या बायका सांगतात, कुत्रं अंगावर आलं तर गाडी न थांबवता तो खिशातलं कच्चं लिंबू मारायचा, आणि कुत्रं पुन्हा त्या रस्त्याला दिसायचं नाही. एवढीच त्याची कीर्ती.

सव्विसाव्या वर्षी हिवाळी हंगामात आमच्या बाजूच्या संघाने त्याला घेतलं ते फलंदाजांच्या सरावासाठी चेंडू टाकायला. म्हणजे मार खायलाच. पण दोन पिचरांचे कोपर गेले, तिसऱ्याचं लग्न निघालं आणि मॅनेजरने वैतागून याच्याकडे बोट केलं. याने तो सामना जिंकला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचे दोन. त्याचा तो संथ चेंडू कोणाला कळेना. हात असा यायचा की आता भिंत फुटणार, आणि चेंडू यायचा दवाखान्यातून सुटलेल्या म्हातारीसारखा. फलंदाज बॅट फिरवून, वळून, जागेवर येऊन उभा राहायचा, तरी चेंडू वाटेतच.

गावाला काय, निमित्तच हवं होतं. नगराध्यक्षांनी पाण्याच्या टाकीवर त्याचं चित्र काढायला लावलं. टाकीत पाणी आठवड्यातून दोनदा येतं, पण चित्र रोज दिसणार होतं. दुधाच्या वड्या विकणाऱ्याने वडी संथ चघळायची म्हणून तिला एस्मेर्लिनचं नाव दिलं. आणि मिल्सियादेस उगवला. मिल्सियादेस म्हणजे गावातली पोरं हेरून अकादम्यांच्या दारात नेऊन उभी करणारा दलाल. एस्मेर्लिन परत आला तेव्हा हाच त्याला बघून रस्ता ओलांडायचा. आता पापोच्या दुकानासमोर खुर्ची टाकून सांगू लागला, "तो चेंडू मी शिकवला त्याला."

"कधी?" पापोने विचारलं. पापो दुकानदार. गल्ल्यावर बसून तो फक्त तोकडे प्रश्न विचारतो.

"लहान होता तेव्हा."

"मग अकादमीत का नाही टाकला?"

"मीच सांगितलं होतं, राखून ठेव म्हणून."

दुकानासमोर बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचं टेबल आहे. तिथे दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, हा टिकणार. दुसऱ्याचं म्हणणं, फलंदाजांनी अजून नीट बघितलेला नाही म्हणून चाललंय, बघितला की संपला. दोन्ही पक्ष एस्मेर्लिनच्याच पैशाची बिअर पीत होते. मला गंमत वाटायची. आमच्याकडे वीज टिकत नाही, रस्ता एका पावसात वाहून जातो, नगराध्यक्षांचा शब्द माइक बंद होईपर्यंतही टिकत नाही, आणि याबद्दल कोणी खुर्ची ओढून वाद घालत नाही. पिचर मात्र टिकला पाहिजे.

एस्मेर्लिनला स्वतःला टिकायचं होतं ते मेक्सिकोसाठी. तिथल्या उन्हाळी लीगच्या एका संघाचा माणूस जानेवारीत त्याला बघायला येणार होता. पसंत पडला तर करार. नाही पडला तर हंगाम संपल्यावर मिठागर. मोटरसायकल त्याने आधीच मावसभावाला देऊन टाकली होती. गर्व झाला की माणूस पहिल्यांदा वाहन सोडतो.

आणि मग मी रेडिओवर बोललो.

पुढच्याच सामन्यात पहिल्या फलंदाजाने एस्मेर्लिनकडे बघितलं ते थेट तोंडाकडे. ओठ आत गेला. फलंदाज आरामात थांबला, जांभई द्यायला वेळ होता तरी दिली नाही एवढंच, आणि चेंडू कुंपणाबाहेर. दुसऱ्याने तेच केलं. दुसऱ्या डावात सहा धावा झाल्या तेव्हा मॅनेजर बाहेर आला. एस्मेर्लिन मैदान सोडत असताना तिसऱ्या बेसवर पोचलेल्या फलंदाजाने त्याच्याकडे बघून स्वतःचा खालचा ओठ दाताखाली धरून दाखवला. टीव्हीवाल्यांनी ते दोनदा दाखवलं.

समोरच्या संघाच्या एका कोचची सासू आमच्या गावात असते. ती मयताच्या बातम्यांसाठी रेडिओ लावते आणि बंद करायला उठत नाही.

गावाने तोंड फिरवलं ते एका दिवसात. टाकीवरचा चित्रकार डोळे आणि नाक करून थांबला होता. नगराध्यक्षांनी त्याला पुढचं सध्या राहू दे म्हणून सांगितलं. वडीवाल्याने नाव पुसलं. मिल्सियादेस म्हणाला, "मी सांगत होतो तो चेंडू टाकू नको म्हणून."

"कधी?" पापो म्हणाला.

एस्मेर्लिन माझ्याकडे दुसऱ्या दिवशी आला. मी मार खायच्या तयारीने दारात उभा राहिलो, कारण आत कोंडलं तर पळता येत नाही.

"रादामेस," तो म्हणाला, "तुझा कार्यक्रम ऐकतात की रे लोक."

"चुकलं माझं."

"ते राहू दे. मला सांग, ओठ दरवेळी जातो?"

"दरवेळी."

"आईशी खोटं बोलताना?"

"तेव्हा तर दोन्ही ओठ जातात. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

तो पायरीवर बसला. संथ चेंडू म्हणजे दुसरं काय, तो म्हणाला, हाताने खोटं बोलणं. हात शिकला, तोंड शिकलं नाही. मॅनेजरने त्याला जानेवारीत एक सामना देतो म्हणून सांगितलं होतं. एकच, आणि तोही पुन्हा दोन पिचर दुखणाईत म्हणून.

"आता रोज दुपारी माझ्याशी डॉमिनो खेळायचं," तो म्हणाला. "माझं तोंड तुझ्याइतकं कोणी वाचत नाही. तुला वाचता येईनासं झालं की कोणालाच येणार नाही."

खेळणं सुरू झालं. पहिल्यांदा त्याने उपाय म्हणून ओठ सतत आत धरला. दाढ दुखते समजून दोन्या एर्मिनिया टेबलापाशी लवंग घेऊन आली आणि सगळ्यांदेखत तिने त्याचं तोंड उघडून बघितलं. मग च्युइंगम. च्युइंगम छान चालायचं, पण थाप मारायच्या क्षणी जबडा थांबायचा. मग तोंडापुढे हात धरला, तर भुवई बोलायला लागली. मी रोज जिंकत होतो. आयुष्यात एवढा कधी जिंकलो नव्हतो, आणि एकदाही मजा आली नाही, म्हणजे पहिले तीनचार दिवस सोडून.

"काही खरं नाही याचं," मिल्सियादेस बाजूच्या खुर्चीवरून म्हणाला.

"तू किती मुलं मेक्सिकोला पाठवलीस?" एस्मेर्लिनने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"तयार होतायत."

"मीही तयार होतोय. बस तिथे."

सामन्याच्या आदल्या दुपारी त्याने शेवटचा डाव मांडला आणि म्हणाला, "आज फुकट नाही. हरलास तर बकरा."

बानीकडच्या माळावर ओरेगॅनोचा वासाचा पाला खाऊन वाढलेला बकरा म्हणजे साधी गोष्ट नाही. पण मी रोज जिंकणारा माणूस. मी हो म्हटलं.

डाव शेवटाला आला. त्याच्याकडे एक सोंगटी, माझ्याकडे दोन. माझी खेळी होती. एक सोंगटी लावली तर दोन्ही टोकांना पाच येत होते, दुसरी लावली तर नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच, की याच्या हातात पाच आहे का. असला तर तो सुटला, नसला तर अडकला. मी सोंगटी उचलून पाचाच्या बाजूला थोडी सरकवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने हातातल्या सोंगटीवर अंगठा फिरवला, असल्यासारखा. आणि ओठ आत गेला. थाप, मी मनात म्हटलं, पाच नाहीच याच्याकडे. मी दोन्ही टोकांना पाच करून खुर्चीत रेलून बसलो.

त्याने डबल पाच टेबलावर आपटला. बाटल्या हलल्या.

"ओठ तर गेला होता," मी म्हणालो.

"पाठवला होता," तो म्हणाला.

पापो गल्ल्यावरून उठून बघायला आला. तो एरवी भूकंपालाही उठत नाही.

सामना रविवारी दुपारी होता, समोर पुन्हा तोच संघ. मेक्सिकोचा माणूस कुंपणामागे टोपी नाकावर ओढून बसला होता. पहिल्या फलंदाजाने तोंडाकडे बघितलं, ओठ आत गेला, तो आरामात थांबला, आणि वेगवान चेंडू त्याच्या छातीसमोरून सप्पकन निघून गेला. पुढे ओठ कधी खरं बोलायचा, कधी खोटं. फलंदाज तोंड वाचायचं की चेंडू बघायचा यातच गोंधळले. तिसऱ्या डावात त्यांच्या कोचने हात पसरून बाकाकडे बघितलं. माझ्या अंदाजाने तो सासूला शिव्या देत असावा.

पाच डाव एकही धाव गेली नाही. सहाव्यात मात्र एक म्हातारा फलंदाज आला, निवृत्तीला टेकलेला. त्याने तोंडाकडे बघितलंच नाही. नुसता मनगटाकडे बघत राहिला आणि संथ चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून मारला. बेसवर उभं राहून त्याने पुढच्या दोघांना स्वतःचं मनगट दाखवलं आणि त्यांनीही मारले. दोन धावा गेल्या. मॅनेजर लगेच बाहेर आला आणि त्याने एस्मेर्लिनच्या हातातून चेंडू काढून घेतला. सामना आपण जिंकलो, पण एस्मेर्लिन बाकावर बसून उजव्या मनगटाकडे बघत होता, जणू ते शेजाऱ्याचं आहे.

मेक्सिकोच्या माणसाने करार दिला. एका उन्हाळ्याचा. दोन वर्षांचा का नाही म्हणून मिल्सियादेसने गावाच्या वतीने विचारलं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं तरी. तो माणूस म्हणाला, "उन्हाळा पुरेल. तेवढ्यात तिकडच्यांना मनगट कळेल."

"आणि मग?"

"मग याला दुसरं काहीतरी सुचलं पाहिजे."

मी ते रेडिओवर सांगितलं नाही. आमच्या टेबलावरच्या दोन्ही पक्षांनी आपणच बरोबर होतो असं जाहीर केलं आणि एकमेकांना बिअर पाजली, या वेळी स्वतःच्या पैशाने, म्हणून लवकर उठले.

एस्मेर्लिन एप्रिलमध्ये गेला. बस येईपर्यंत तो खिशातल्या चेंडूवर बोटं फिरवत होता आणि मनगट वेगळं धरून बघत होता. खिडकीतून त्याने मला एवढंच विचारलं, "बकरा?"

"सध्या वाळलेत रे," मी म्हटलं. "पाऊस पडू दे, जरा अंग धरतील."

पाऊस पडून गेला. तो तिकडे तीन सामने जिंकला, दोन हरला, आणि आता म्हणे चेंडू सोडताना डावा खांदा खाली टाकतो. ही बातमी मला मिल्सियादेसने दिली. खांदा त्यानेच शिकवलाय. दोन्या एर्मिनिया दर रविवारी चर्चमधून परत जाताना माझ्या दारापाशी थांबते. आत येत नाही, फाटकाला हात लावून उभी राहते.

"रादामेस, बाळा," ती विचारते, "तुझा बकरा आपल्या पायाने येणार आहे, की कोणाला आणायला पाठवू?"

मी म्हणतो, या आठवड्यात बघतो. ती माझ्या खालच्या ओठाकडे बघते आणि निघून जाते.