माझं मुंगूस

दादा रविवारी दुपारी खेळ चालवायचा, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात, खालच्या खोलीत. खेळ म्हणजे कागद, फासे आणि बोलणं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही, ते फासे ठरवतात. खेळणारे तिघं: मी, वहिनी आणि दादाच्या बँकेतले एक सहकारी, नागपूरहून बदलून आलेले.

माझं पात्र म्हणजे जंगलात झाडपाल्याची औषधं देणारी एक बाई. तिच्याजवळ मंत्रानं बांधलेलं मुंगूस होतं. ते विष हुंगायचं, अडीअडचणीला बोलायचं. त्याचं बोलणं आठ महिने मीच बोलत होते. शाळेत मोकळा तास मिळाला की त्याची चित्रं काढायचे. दादाला ते खुपायचं, कारण मुंगसाच्या नाकापुढे त्याचा एकही डाव टिकत नसे.

त्या रविवारी आमची पात्रं एका राणीच्या पंगतीला बसली होती. मी म्हटलं, मुंगूस खीर हुंगतं. दादानं मला फासे टाकूच दिले नाहीत. म्हणाला, मुंगूस राणीच्या मांडीवर जाऊन बसलंय.

मी म्हटलं, ते माझं आहे, कुठं बसायचं ते मी सांगणार. त्याचं म्हणणं, मुंगूस सोबती आहे, गुलाम नाही. त्याला स्वतःचं मन आहे, आणि खेळणाऱ्यांची पात्रं सोडून त्या जगातलं प्रत्येक मन चालवणं हे गोष्ट चालवणाऱ्याचं काम. मग आठ महिने ते मन कुठे होतं, असं मी विचारलं. सहकाऱ्यांनी तोड सुचवली: हुकूम मी द्यावा, मुंगूस ऐकतं की नाही ते फाशांवर सोडावं. मला चाललं असतं. पण दादा चिडला की हिंदीवर येतो.

"बहस बंद. मेरे टेबल पर मेरी मर्ज़ी."

टेबल नव्हतंच. सतरंजी होती, तीही माझ्या खोलीतली. मी तसं म्हणाले.

"तुला खेळायचं नसतंच," तो म्हणाला. "तुला फक्त जिंकायचं असतं."

"आणि तुझ्याशिवाय कुणी काही ठरवलेलं तुला सहन होत नाही. बाबा गेल्यापासून बघतेय मी."

वहिनीनं गुपचूप फासे डबीत भरले. मी माझ्या पात्राचा कागद उचलला, कोपऱ्यात मुंगसाचं चित्र काढलेला. तो खेळाचा आहे, इथंच राहील, म्हणत दादानं दुसरं टोक धरलं. दोघांनीही सोडला नाही. कागद फाटला, आणि चित्राचा तुकडा त्याच्या हातात राहिला. माझ्याकडे बघत त्यानं तो चुरगाळला आणि खिडकीतून गल्लीत टाकला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. महिन्याभरानं सहकाऱ्यांनी आपल्या घरी नवा खेळ सुरू केला. वहिनी आणि मी जातो. मुंगूस कोण चालवणार, हे पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं. ते हसले, पण त्यांनी लिहिलं. तिकडे काय चाललंय, हे दादा वहिनीला विचारतो. ती म्हणते, बहिणीला विचारा. तो विचारत नाही. आई मला म्हणते, तू धाकटी, तूच माफी माग. मी मागणार नाही.

काल जिन्यात आम्ही समोरासमोर आलो. त्यानं वाट दिली, भिंतीकडे तोंड करून.